उजव्या बुटातला शेकडा

जो माणूस वयाच्या आठव्या वर्षी शाळेच्या उंबरठ्याबाहेर पडला आणि पुन्हा आत गेलाच नाही, अशा माणसाने इंग्रजी भाषेच्या महाकोशात हात घालू नये, असे माझी पत्नी केझाया हिचे प्रथमपासूनचे मत आहे. "अहो थर्कटल," ती म्हणते, "तुम्ही बुटांना तळ लावा. शब्दांना तळ लावायला शिकलेली माणसं बसलीत तिकडे." तिच्या या मतात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. तथापि सहा वर्षांपूर्वी आमच्या लोस्टॉफ्ट बंदरातील वाचनालयाच्या दारावर जी जाहिरात लागली, तिच्यात विद्येची अट नव्हती. ज्यास वाचता येते व जे वाचले ते जसेच्या तसे चिठ्ठीवर उतरवता येते, अशा कोणत्याही स्त्री-पुरुषाने शब्दांचे दाखले शोधून कोशाच्या संपादकांकडे धाडावेत, एवढेच तिच्यात लिहिले होते. त्या जाहिरातीपुढे मी टोपी काढून उभा राहिलो, आणि त्या दिवसापासून गेल्या मायकेलमासपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणापर्यंत, मी चारशे बारा चिठ्ठ्या धाडल्या.

त्यांतील बहुतेक चिठ्ठ्या एकाच शब्दाच्या होत्या, आणि तो शब्द म्हणजे 'लास्ट'.

हा शब्द सर्वांस ठाऊक असल्यामुळे कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. मीही पाहिले नसते. परंतु मी एनॉक थर्कटल, मोची. ज्या लाकडी पावलावर आम्ही बूट चढवतो, ज्यास कलबूत म्हणतात, त्याचे नाव लास्ट. माझ्या दुकानाच्या भिंतीवर अशी एकशे चाळीस कलबुते टांगलेली आहेत. बूट पुष्कळ दिवस टिकला तर तो लास्ट झाला असे आम्ही म्हणतो. रांगेच्या शेवटी जो उभा तोही लास्ट. आणि नॉर्विचहून मी या बंदरात आलो त्या पहिल्याच सकाळी धक्क्यावरून एक इसम "नऊ लास्ट! नऊ लास्ट!" असे ओरडत धावताना दिसला. येथे हेरिंग मासा मोजण्याचे सर्वांत मोठे माप, तेही लास्टच. एकच शब्द माझ्या भिंतीवर, देवळातल्या प्रवचनात आणि माशांच्या राशीवर बसलेला पाहून मला त्या वयातही काहीतरी चुकल्यासारखे वाटले होते.

तीस वर्षांनंतर त्या कोड्याचे उत्तर संपादक महाशयांच्या पत्राने मिळाले. त्यांनी लिहिले होते की, हा एक शब्द नव्हे, निरनिराळ्या घरांतून आलेल्या वाटसरूंनी चालता चालता एकसारखेच बूट घातले आहेत. शेवटचा जो लास्ट, तो 'उशीर' या शब्दाच्या घरचा. माशांचे माप जो लास्ट, तो 'लादणे' या घरचा. मुळात त्याचा अर्थ ओझे. आणि माझे कलबूत? वाचकहो, ते वाक्य मी मोठ्याने दोनदा वाचले. हजार वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ होता पाऊलखूण. ओल्या मातीत उमटलेले माणसाचे पाऊल! आणि टिकणे हा जो अर्थ, तो त्याच पावलाचा सख्खा भाऊ. कारण पाऊलखुणेच्या मागोमाग न थकता जो चालत राहतो तोच टिकतो. भिंतीवरची ती एकशे चाळीस लाकडे मला त्या दिवशी एकाएकी कोठेतरी निघाल्यासारखी दिसली. मी केझायाला स्वयंपाकघरातून ओढत आणले.

"हे बघ! हे काय आहे?"

"कलबूत."

"पाऊल आहे, केझाया! चिखलातलं पाऊल!"

"मग पुसून आत या," ती म्हणाली, आणि पुन्हा सुईकडे वळली. ती गलबतांची जाळी सांधते; सबंध बंदरात तिच्याइतकी जलद गाठ कोणाची नाही.

आता ज्या अपराधामुळे ही हकीगत घडली त्याकडे वळतो.

गेल्या एप्रिलमध्ये जाबेझ स्माय याचे समुद्री बूट माझ्याकडे तळ लावण्यासाठी आले. जाबेझ हा 'विलिंग हँड' या गलबताचा तांडेल, अंगाने दांडगा, जिभेने त्याहून दांडगा. त्याचे बूट मांडीपर्यंत येणारे, आणि मुळात त्याच्या आजोबांचे. त्यांचे तळ पंधरा वेळा बदललेले असतील, पण टाचेचे कातडे अस्सल जुने. उजव्या बुटाची टाच ढिली झाली होती म्हणून मी तिचे दोन पदर उसवले, तो आत ताठपणासाठी कोणा जुन्या कारागिराने घातलेला चर्मपत्राचा तुकडा निघाला. पूर्वीच्या काळी जुन्या दप्तरांची चर्मपत्रे रद्दीत विकली जात आणि मोची ती घेत, हे मला माहीत होते. परंतु या तुकड्यावर अक्षरे होती. सलग तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत भिंग लावून मी ती वाचली. चारशे वर्षांपूर्वीच्या एका वर्षाचा उल्लेख, कोणा मठाला पोचवलेल्या हेरिंगचा हिशेब, आणि एका लास्टात मासे किती धरावेत त्याची मोजणी!

मी चिठ्ठी लिहिली. तुकड्यास मेण व चरबी चोळून तो होता तेथेच परत शिवला. कारण टाचेत असलेली वस्तू गिऱ्हाइकाची असते आणि टाच ताठ ठेवणारा चांगला तुकडा कोणी फेकून देत नाही. बूट जाबेझकडे गेले, चिठ्ठी कोशाकडे गेली, आणि मी उन्हाळाभर माझ्या चिठ्ठीची छापील ओळ डोळ्यांपुढे पाहत राहिलो.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी संपादकांचे पत्र आले. त्याचा मजकूर असा:

'आपल्या चिठ्ठीत एका शेकड्यास एकशे बत्तीस मासे असे आहे. आमच्याकडील त्या काळाच्या एकाही दाखल्यात असा आकडा आढळत नाही. मूळ मजकुरात हाच आकडा आहे काय? लास्ट या शब्दाचे पान सोमवारी छपाईस जात आहे. तत्पूर्वी मूळ पत्र, किंवा दोन साक्षीदारांच्या सह्यांची अक्षरशः नक्कल, आमच्या हाती यावी. तसे न झाल्यास, आणि आपण नकलेत फेरफार करता असे दिसून आल्यास, आपल्या आजवरच्या सर्वच चिठ्ठ्या नाइलाजाने बाजूस ठेवाव्या लागतील.'

सर्वच! चारशे बारा! मी पत्र पुन्हा वाचले, आणि मग उलटे करून ठेवले. कारण मला आठवले.

मूळ पत्रात एकशे बत्तीस नव्हते. तेथे सहा हा आकडा आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत वीस, म्हणजे सहा कोड्या असे लिहिलेले होते. सहा कोड्या म्हणजे एकशे वीस. आता या किनाऱ्यावर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे की हेरिंगचा शेकडा एकशे बत्तिसाचा. दोन्ही हातांत दोन-दोन मासे धरून चार माशांची एक फेक. तेहतीस फेकींचा शेकडा. दहा शेकड्यांचा हजार. दहा हजारांचा लास्ट. म्हणून मी समजलो की तो जुना लेखक बिचारा चुकला आहे. त्याची चूक जगापुढे जाऊ नये या सद्हेतूने मी त्याचा आकडा सुधारला. नक्कल करणाराने मक्षिकास्थाने मक्षिका ठेवावी हा कोशाचा पहिला नियम. मी मात्र मक्षिका उडवून तेथे हेरिंग ठेवला होता.

"रडताय काय?" केझायाने विचारले.

मी सर्व सांगितले. तिने सुई खाली ठेवली, ही गोष्ट सहसा घडत नाही.

"म्हणजे आता तो तुकडा पाहिजे."

"होय."

"आणि तो जाबेझ स्मायच्या टाचेखाली."

"होय."

"आणि जाबेझ स्माय समुद्रात."

"उद्या शनिवार. रविवारी कोणी जाळं टाकत नाही. दुपारपर्यंत सगळी गलबतं येतील. तीन वाजता टपालाची गाडी."

"मग टोपी घाला," ती म्हणाली, "आणि मिस गॅरडला सांगून या. तुमच्यावर आता कोण विश्वास ठेवणार? नक्कल तिलाच करू दे."

मिस गॅरड या वाचनालयाच्या व्यवस्थापिका. जुनी अक्षरे त्यांना छापील अक्षरांसारखी वाचता येतात. माझी कबुली त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "थर्कटल, तुम्ही चोरी केली असती तर मी तुम्हाला लवकर माफ केलं असतं." मग त्यांनी दौत, टाक आणि कोऱ्या चिठ्ठ्या पिशवीत भरल्या.

शनिवारी एक वाजता 'विलिंग हँड' धक्क्याला लागले. शिडे उतरण्यापूर्वीच कळले की आज गलबत ओझ्याने दबले आहे. पाट्यांमागून पाट्या वर येऊ लागल्या, आणि चार खलाशी समोरासमोर बसून मोजू लागले. धक्का दणाणून गेला होता. मी त्या गर्दीतून, चंदेरी खवल्यांवरून घसरत, जाबेझपुढे जाऊन उभा राहिलो. तो कमरेवर हात ठेवून मोजणीवर नजर ठेवत होता. त्याच्या पायांत ते बूट होते. माझी नजर त्याच्या उजव्या टाचेवरून हलेना.

"काय मोचीबुवा, पायाला नमस्कार करायला आलास का?" तो म्हणाला.

"जाबेझ, उजवा बूट जरा काढून दे. अर्ध्या तासात परत देतो."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याचा पायच मागितला होता. जवळच्या खलाशांनी मोजणी न थांबवता माना वर केल्या.

"काय म्हणालास?"

"टाच उसवायची आहे. आत एक..."

"ऐका रे, ऐका!" तो ओरडला. "सलग सहा खेपा भरून आलो या बुटात! आज अडीच लास्ट आहे, अडीच! आणि हा म्हणतो टाच उसव! अरे, भरल्या हंगामात ओल्या टाक्याला कोणी आरी लावतो का? नशीब सगळं टाक्यातून गळून जाईल. हंगाम संपला की नोव्हेंबरात, मार्टिनमासला ये. तेव्हा हवं तर पायासकट घेऊन जा."

"मार्टिनमासपर्यंत उशीर होईल. आज तीन वाजता टपाल आहे."

"मग टपालात स्वतःचा बूट घाल."

सगळे हसले. घड्याळात एक वाजून वीस मिनिटे झाली होती. तेथे मी जो निर्णय घेतला तो इतर कशासाठीही घेतला नसता. मी टोपी काढली आणि सर्वांसमक्ष मोठ्याने म्हणालो, "जाबेझ, मी खोटं लिहिलं आहे. तुझ्या टाचेत चारशे वर्षांचा कागद आहे. त्यात लिहिलंय की हेरिंगचा शेकडा एकशे वीसचा. मी ते खोडून एकशे बत्तीस केलं. आता ते दुरुस्त केलं नाही तर माझी सहा वर्षांची मेहनत केरात जाईल."

मग हशा उसळला.

"एकशे वीस?" एक म्हातारा खलाशी डोळे पुसत म्हणाला. "कोण गाढव होता तो लिहिणारा?"

"बरं केलंस सुधारलंस, एनॉक! मीही तेच केलं असतं!"

"शेकडा एकशे वीसचा म्हणे! मग आठवडा काय पाच दिवसांचा?"

सारा धक्का माझ्या बाजूने होता, आणि त्यामुळेच मी बुडालो होतो. परंतु जाबेझ हसला नाही. त्याने हात वर केला, आणि चारही खलाशी फेक हातात धरून थांबले. भर मोजणीत हात थांबलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"पुन्हा सांग," तो हळूच म्हणाला. "किती?"

"सहा कोड्या. एकशे वीस."

"माझा आजा," जाबेझ म्हणाला, "याच बुटात उभा राहून मोजायचा. तीस फेकी झाल्या की थांबायचा. थुंकायचा. आणि मग उरलेल्या तीन टाकायचा. आम्ही विचारायचो, आजोबा, थांबता कशाला? म्हणायचा, या बारा माशांचं नाव मला माहीत नाही. त्याचा बापही असाच थांबायचा म्हणे." तो माझ्याकडे झुकला. "तीस फेकी म्हणजे किती होतात रे, मोचीबुवा?"

"एकशे वीस," मी म्हणालो.

"म्हणजे ते बारा मासे मागून घुसले!" तो गरजला. "शेकड्याला बारा! लास्टाला बाराशे! आज अडीच लास्टाला तीन हजार मासे व्यापाऱ्याला फुकट!"

व्यापाऱ्याचा टिपणी ठेवणारा माणूस लगबगीने पुढे आला. "तांडेल, असलं जुनं कातडं दाखवून मोजणी बदलत नसते. शेकडा एकशे बत्तीसच धरला जाईल."

"धर की! तुझी मोजणी तुझ्यापाशी. मला फक्त बघायचंय, माझा आजा वेडा होता की शहाणा." मग तो अडखळला, खाली बुटाकडे पाहू लागला, आणि त्याचा चेहरा पडला. "पण बूट काढायचा नाही. मोजणी चालू असताना तांडेल बूट काढत नाही. आजाने कधी काढला नाही."

"तर मग काढू नकोस!" केझाया गर्दीतून पुढे आली. तिच्या एका हातात जाळ्याची सुई आणि दुसऱ्या हातात मेणकट दोरा होता. "पाय बुटात राहू दे. हे उसवतील, मी मागोमाग शिवते. तुझं नशीब गळायला एक टाक्याचीही फट मिळणार नाही. आणि मोजणी संपायच्या आत टाच बंद. चालेल?"

जाबेझने विचार केला. "कागद?"

"कागद परत आत," मी म्हणालो. "शब्द देतो."

"शब्दाचं तू बोलूच नकोस," तो म्हणाला, आणि माशांच्या उपड्या पाटीवर डावा गुडघा टेकून उजवा पाय मागे पसरून उभा राहिला, जसा घोडा नाल ठोकून घेताना राहतो. "मोजा रे! पण सावकाश मोजा!"

आता जे घडले ते लिहिताना अजूनही माझी लेखणी धावते. मी ओल्या फरशीवर गुडघे टेकले. आरीने पहिला टाका उचलला. दोरा सहा महिन्यांच्या खाऱ्या पाण्याने दगडासारखा झाला होता. मागे खलाशी तालात ओरडत होते, "सात... आठ... नऊ..." आणि प्रत्येक फेकीबरोबर जाबेझची पोटरी ताठ होत होती.

"पाय हलवू नकोस!"

"तू गुदगुल्या करू नकोस!"

दुसरा टाका तुटला. तिसरा. वरचा पदर सुटला, तसे केझायाने खालच्या कोपऱ्यापासून शिवायला आरंभ केला. माझ्या रापीचे पाते आणि तिची सुई यांत दोन बोटांचेही अंतर नव्हते. आम्हा उभयतांच्या संसाराला एकतीस वर्षे झाली. पण एका कामावर आमचे चार हात यापूर्वी असे कधी चालले नव्हते. "सरका," ती पुटपुटत होती, "सरका, तुमचं कोपर मध्ये येतंय." खवले तिच्या केसांत अडकले होते.

मी दोन बोटे आत घातली. काहीतरी मऊ, चरबीने बुळबुळीत लागले. मी हळूहळू ओढले. तुकडा बाहेर आला, आणि मी तो उलटसुलट करून पाहिला. तो पार काळवंडला होता. अक्षर म्हणून काहीही दिसत नव्हते.

"गेलं," मी म्हणालो. "सगळं गेलं."

"द्या इकडे," मिस गॅरड म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढून फेकले, तो तुकडा दोन्ही हातांनी ताणला आणि सूर्यासमोर धरला. ऑक्टोबरचा सूर्य, खाली झुकलेला, गावाच्या छपरांवरून थेट धक्क्यावर येत होता. चरबी प्यायलेले ते कातडे काचेसारखे उजळले, आणि त्यात मधाच्या रंगावर काळ्या मुंग्यांसारखी अक्षरे चालू लागली!

"दिसतंय!" मिस गॅरड यांच्यासारख्या स्त्रीने धक्क्यावर किंकाळी फोडावी हे कोणास खरे वाटणार नाही, पण ती फोडली. "लिहायला कोण आहे? नाही, तुम्ही नाही, थर्कटल! तुम्ही फक्त धरा. हात हलवू नका."

मी तुकडा सूर्यासमोर धरून उभा राहिलो. मिस गॅरड यांनी गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून एकेक अक्षर पाहिले, एकेक अक्षर लिहिले. जेथे लेखकाने शब्द दुहेरी लिहिला होता तेथे त्यांनी दुहेरी लिहिला. जेथे डाग होता तेथे डाग असे लिहिले. आकड्यापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "स्माय, तुम्ही साक्षीदार. या, वाचा."

"मला वाचता येत नाही, बाई."

"मोजता येतं ना? हा सहा. त्याच्या डोक्यावर हे वीस."

जाबेझ एका पायावर उडी मारत वळला, तेव्हा केझाया "अरे, सुई आहे आत!" असे ओरडली. त्याने मान तिरकी करून सूर्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलले.

"सहा विसा," तो म्हणाला. मग त्याने टोपी थेट बंदराच्या पाण्यात भिरकावली. "एकशे वीस! म्हातारा शहाणा होता! ऐकलंत का रे? आजा शहाणा होता!"

खलाशांनी एकच आरोळी ठोकली. टिपणी ठेवणाऱ्याने आपली वही छातीशी धरली.

परंतु मिस गॅरड हसल्या नव्हत्या. त्या तुकड्याच्या वरच्या कडेकडे पाहत होत्या. "थर्कटल, वर्ष कुठे आहे?"

वर्ष वरच्या ओळीत होते. वरची ओळ टाचेच्या कडेस येत असे, आणि सहा महिन्यांत जाबेझच्या टाचेने ती घासून पार खाऊन टाकली होती. उरले होते ते फक्त एका अक्षराचे शेपूट.

"मला आठवतं," मी म्हणालो. "मी एप्रिलमध्ये वाचलं आहे."

"तुम्हाला आठवतं," त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. पण मला उत्तर कळले.

अडीच वाजले होते. शेवटची पाटी उपडी झाली होती. मी टाक घेतला आणि वेगळ्या चिठ्ठीवर लिहिले: 'मूळ आकडा सहा कोड्या असा आहे. एकशे बत्तीस हा आकडा मूळ लेखकाचा नसून एनॉक थर्कटल, मोची, याचा आहे. सालाची ओळ नष्ट झाली असून ती मी पूर्वी वाचली होती, परंतु माझ्या वाचनावर विसंबू नये.' शेवटचे वाक्य लिहिताना हात जड झाला, हे लपवत नाही. खाली मिस गॅरड यांनी सही केली. जाबेझने अंगठा शाईऐवजी चुकून माशाच्या रक्तात बुडवला व तसाच उमटवला. मी तुकडा जागेवर सरकवला, केझायाने शेवटचा टाका ओढून दाताने दोरा तोडला, आणि त्याच क्षणी मोजणाऱ्यांनी शेवटचा शेकडा हाकारला.

मग मी धावलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कमरेला कामाचे कातडे बांधलेला, मी सबंध हाय स्ट्रीटने धावलो, आणि टपालाच्या गाडीचा दरवाजा मिटता मिटता पाकीट आत टाकले.

बारा दिवस उत्तर आले नाही. त्या बारा दिवसांत मी एकही चिठ्ठी लिहिली नाही. लिहिण्याचा अधिकार आहे की नाही हेच ठाऊक नव्हते. दरम्यान सोमवारच्या खेपेस 'विलिंग हँड'च्या जाळ्यात जेमतेम चार शेकडे आले, आणि जाबेझ माझ्या दुकानासमोरून जाताना दारात थुंकून गेला. पुढच्या खेपेस दीड लास्ट आले. तेव्हा तो ओरडून गेला, "टाका बरा बसलाय, वहिनींना सांग!"

तेराव्या दिवशी पत्र आले. मला ते उघडवेना, म्हणून केझायाने उघडले. तिला वाचनाचा सराव नाही. ती एकेक शब्दावर बोट ठेवून, जाळ्याची गाठ तपासावी तसे वाचत गेली.

'सालाचा पुरावा नसल्यामुळे आपला दाखला छापता येत नाही,' असे तिने वाचले, आणि थांबली. मी भिंतीकडे तोंड फिरवले.

"अजून आहे," ती म्हणाली. 'तथापि ज्या वाचकाने आपली चूक स्वहस्ते लिहून दिली, आणि जेथे आपल्या स्मरणाचा लाभ घेता आला असता तेथेही घेतला नाही, त्याच्या अन्य चिठ्ठ्या बाजूस ठेवण्याचे कारण आम्हास दिसत नाही. त्या सर्व कामी घेतल्या जात आहेत. कलबूत या अर्थाखाली आपल्या दोन चिठ्ठ्या छापखान्यात गेल्या आहेत.'

"दोन?" मी म्हणालो.

"दोन असं लिहिलंय. मी आकडा बदललेला नाही."

मी तिला उचलून घेतले, आणि तसे करताना भिंतीवरची आठ-दहा कलबुते खडखड करीत खाली पडली.

त्या दुपारी ही वार्ता सांगण्यासाठी मी धक्क्यावर गेलो. गलबते नुकतीच लागली होती. जाबेझ स्वतः मोजायला बसला होता, आणि समोर तोच टिपणी ठेवणारा उभा होता. "अठ्ठावीस," जाबेझ म्हणत होता, "एकोणतीस, तीस." येथे तो थांबला. त्याने उजवी टाच फरशीवर दोनदा आपटली, बाजूला थुंकला, आणि उरलेल्या तीन फेकी टाकल्या. त्याच्या मागोमाग बाकीचे तिघेही थांबले. मग पलीकडच्या गलबताचे खलाशी. धक्काभर टाचा वाजू लागल्या. टिपणी ठेवणाऱ्याने आकडा एकशे बत्तीसच लिहिला.

मी दुकानात परतलो, एक कोरी चिठ्ठी घेतली, आणि जे पाहिले ते जसेच्या तसे लिहून काढले. मग आठवले की कोठेतरी आधीच लिहिलेल्या मजकुराशिवाय कोश काहीही घेत नाही, नुसते डोळ्यांनी पाहिलेले चालत नाही. म्हणून, कोणास दाखला काढता यावा यासाठी, ही हकीगत लिहिली आहे.